दमल्यावरची तडजोड

दोनशे मीटर लांबीचा बांध नांगरता नांगरता एक फूट सरकला, तर शेजाऱ्याच्या पदरात साधारण साठ चौरस मीटर जमीन पडते. अर्ध्या गुंठ्याहून थोडी जास्त. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत दोन ओळींमधले अंतरच आठ-दहा फुटांचे असते. एक फुटाच्या पट्टीत वेलींची एक ओळसुद्धा बसत नाही. तरी या पट्टीवरून दावे लागतात, मनाईहुकूम मागितले जातात, आणि दावा लावणारा वारला की त्याची मुले ‘मयताचे वारस’ म्हणून रेकॉर्डवर येऊन तोच दावा पुढे ओढतात. बाहेरून पाहणारा हसतो आणि ठेवणीतली म्हण काढतो: शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. म्हण खोटी नाही. पण गावात ती सर्वांत जास्त कोण ऐकवतो, हे जरा पाहावे. ज्याने बांध कोरला तो ऐकवतो. ताबा त्याच्याकडे आहे, पीक त्याच्या घरी येते आहे, शांतता त्याला परवडते. ज्याची पट्टी गेली त्याला या म्हणीतून एवढेच ऐकू येते की, गेले ते विसर.

म्हणून ‘कोर्टात जावे की मिटवून घ्यावे’ या प्रश्नाला शहाणपणाच्या नावाखाली दिले जाणारे सरसकट उत्तर मला पटत नाही. तडजोड चांगलीच, पण कोणती? ‘नाही’ म्हणण्याची ताकद हातात असताना केलेली तडजोड आणि दहा-पंधरा वर्षे तारखा करून दमल्यावर केलेली तडजोड, कागदावर दोन्ही सारख्याच दिसतात. आपल्याकडचा रिवाज दुसरीचा. आधी इरेला पेटायचे, मग थकायचे, आणि ज्या अटी पहिल्याच वर्षी मिळत होत्या त्यांच्यावर, कधी त्याहून वाईट अटींवर, सही करायची. माझे म्हणणे हा क्रम उलटा करावा असे आहे. लढायची सगळी तयारी आधी करावी: मोजणी करून घ्यावी, जुने फेरफार आणि सातबारा काढावेत, वकिलाला कागद दाखवून आपली बाजू कुठे लंगडी आहे तेही विचारून घ्यावे. आणि एवढे झाल्यावर, दावा दाखल होण्याआधी किंवा झाल्याबरोबर, समोरच्याला बोलायला बोलवावे.

दिवाणी दाव्याची चाल पाहिली की घाई कशासाठी ते कळते. कोर्ट फी हा त्यातला किरकोळ भाग. समन्स, कैफियत, मनाईहुकुमाचा अर्ज, त्या अर्जावरचे अपील, मुद्दे काढणे, मोजणीसाठी कोर्ट कमिशनर, पुरावा, उलटतपास. मध्येच कोणी गेले तर वारस दाखल करण्याचा अर्ज. निकाल लागला तरी ताबा मिळवायला दरखास्त वेगळी, आणि दरखास्तीत पुन्हा हरकती. देशातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांत चार कोटींहून अधिक प्रकरणे पडून आहेत. नाशिकच्या जिल्हा न्यायालयाला प्रशस्त नवी इमारत मिळाली, ती हवीच होती. पण मजले वाढल्याने दोन तारखांमधले अंतर आपोआप घटत नाही, त्याला न्यायाधीश आणि लेखनिक लागतात. शिवाय न्यायालय हद्द ठरवून देऊ शकते. त्या हद्दीच्या अलीकडे-पलीकडे राहणाऱ्या दोघांनी विहिरीची पाळी कशी लावायची, मोटारीचे बिल कसे वाटायचे, छाटणीच्या दिवसांत ट्रॅक्टर कोणाच्या कडेने न्यायचा, हे न्यायाधीश ठरवत बसत नाहीत. तडजोडपत्रात मात्र ते ओळीओळीने लिहिता येते. मन मोठे करण्याच्या उपदेशापेक्षा तडजोडीचे हे सामर्थ्य मला जास्त मोलाचे वाटते.

मग समोरचा बोलायला बसतो कशाने? याचे उत्तर द्राक्षाच्या पैशात सापडते. बाहेरचा व्यापारी बागेत येतो, शिवारातच सौदा ठरतो; थोडी रक्कम आगाऊ, बाकी माल गेल्यावर. हाती पडते एक चिठ्ठी, कधी धनादेश, कधी तेही नाही. हंगाम सरतो आणि फोन लागेनासा होतो. वर्षानुवर्षे हे चालत आले आणि शेतकरीही मिळेल तेवढ्यावर मिटवत आले. २०२० मध्ये प्रताप दिघावकर नाशिक परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक झाले आणि फसवल्या गेलेल्या शेतकऱ्यांच्या तक्रारी घेण्याची मोहीम त्यांनी उघडली. गुन्हे दाखल होऊ लागताच काही व्यापारी पैसे देऊन मिटवायला पुढे आले. माणसे तीच, बाकी तीच, बागाही त्याच. न देण्याची किंमत तेवढी वाढली होती. पोलिसांनी वसुलीचे काम करावे का, हा प्रश्न रास्त आहे. माझ्या मते तो त्यांचा कायमचा धंदा होऊ नये, कारण अधिकाऱ्याची बदली झाली की मोहिमेचा जोर ओसरतो. पण त्या काही महिन्यांनी एक गोष्ट दाखवून दिली: तडजोडीच्या टेबलावर बसलेल्या माणसाला न्यायालयाचा किंवा चौकीचा दरवाजा खिडकीतून दिसत असावा लागतो. तो बंद असेल तर समोर येते ती तडजोड नसते, सवलत असते, आणि ती देणाऱ्याच्या मर्जीवर असते.

तो दरवाजा आपण स्वतःच बंद करून घेतो, तेही बोलता बोलता. धनादेश न वटल्याचा बँकेचा मेमो हाती आल्यापासून तीस दिवसांत नोटीस द्यावी लागते. नोटीस पोचल्यापासून पंधरा दिवस पैसे भरायला, आणि ते सरल्यावर एका महिन्यात फिर्याद. ‘काका, दसऱ्यापर्यंत थांबा, आपले काय आजचे संबंध आहेत का,’ या एका वाक्यात तीस दिवस निघून जातात. उसनवारीच्या किंवा मालाच्या बाकीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत. जमिनीच्या ताब्यासाठी बारा वर्षांची. बोलणी चालू आहेत म्हणून हे घड्याळ थांबत नाही. मुदत संपण्याआधी समोरच्याने बाकी लेखी कबूल केली, तर मात्र ती नव्याने सुरू होते. त्यामुळे चर्चेला जाताना पहिली मागणी पैशाची करू नये, दोन ओळींच्या सहीची करावी. जो मनापासून देणार आहे तो ती लगेच करतो. जो वेळकाढूपणा करतो आहे तो नेमका तिथेच ‘एवढा अविश्वास?’ म्हणून दुखावतो.

उशिरा मिटवण्याला किंमत असते, हे सर्वोच्च न्यायालयाने आकड्यांतही मांडले आहे. २०१० च्या दामोदर प्रभू निकालात धनादेशाच्या खटल्यांसाठी दर ठरवून दिले: पहिल्या-दुसऱ्या तारखेला मिटवले तर काही नाही, दंडाधिकाऱ्यांपुढे त्यानंतर मिटवले तर रकमेच्या १० टक्के जादा, सत्र किंवा उच्च न्यायालयात १५ आणि सर्वोच्च न्यायालयात २० टक्के. २०२५ मध्ये हे दर निम्म्यावर आणले गेले आणि सुरुवातीच्या टप्प्याची सूटही लांबवली गेली. मला जुनेच दर बरे वाटत होते. शेवटच्या पायरीवर जाऊन ‘चला, मिटवू’ म्हणणाऱ्याने मधली सगळी वर्षे दुसऱ्याचा पैसा बिनव्याजी वापरलेला असतो.

जमिनीच्या बाबतीत राज्य सरकारची सलोखा योजना याच विचाराची चांगली बाजू आहे. जमीन एकत्रीकरणाच्या वेळी गट नंबर आणि प्रत्यक्ष वहिवाट यांची अदलाबदल झालेली शेते गावोगाव आहेत: सातबारा एकाचा, नांगर दुसऱ्याचा. पहिल्याची जमीन दुसऱ्याच्या आणि दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात किमान बारा वर्षे असेल, तर अदलाबदलीचा दस्त हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि हजार रुपये नोंदणी फी एवढ्यात करता येतो. २०२३ च्या जानेवारीत हे सुरू झाले, नंतर मुदतही वाढली. योजना काम करते ती उपदेशाने नव्हे. मुद्रांकाचा भुर्दंड हे खरे अडसर होते आणि तेच काढून टाकले आहे. पण तिची अट नीट वाचली तर तिची मर्यादाही दिसते. दोघांच्याही हातात दुसऱ्याचे काही तरी असावे लागते. ज्याचा बांध कोरला गेला त्याच्या हातात शेजाऱ्याचे काहीच नसते, म्हणून सलोखा त्याच्या कामाचा नाही. १५ ऑगस्ट २००७ ला आर. आर. पाटील गृहमंत्री असताना सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने अनेक गावांत माणसे एकत्र बसवली, हे तिचे श्रेय. तिच्या रचनेत मात्र एक खोट होती. मिटवलेल्या तंट्यांच्या हिशेबाने बक्षीस गावाला मिळायचे, सही मात्र एकट्याची लागायची. अख्खे गाव बक्षिसाकडे डोळे लावून बसलेले असताना त्या एकट्याने ‘मला हे मान्य नाही’ म्हणायला किती धैर्य लागत असेल?

त्या एकट्याच्या जागी बहीण ठेवून पाहा. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा हक्क दिला. २००५ मध्ये वडील हयात असायला हवेत का, ही शंका २०२० च्या विनीता शर्मा निकालाने मिटवली. तरी दुय्यम निबंधकांकडे हक्कसोडपत्रे होतच आहेत. मखमलाबाद, आडगाव, पाथर्डी या बाजूंच्या शेतांना प्लॉटचे भाव आले, तेव्हा सातबाऱ्यावरची बहिणींची नावे एकाएकी अडचणीची झाली. ‘माहेर तुटेल’ हा एकच युक्तिवाद तिच्यापुढे असतो, आणि त्याला कायद्यात उत्तर नाही. बहिणीने हक्क सोडूच नये, असे माझे म्हणणे नाही. सोडण्याचाही तिला हक्क आहे. पण जिला आपला हिस्सा किती, त्याची आजची किंमत काय, आणि नाही म्हटले तर पुढे काय होईल, हे ठाऊक नाही, तिची सही तडजोडीत धरू नये. वाटपाचा दावा लावलेल्या बहिणीला आपल्याकडे भांडकुदळ ठरवतात. भावाने मात्र त्याच जमिनीसाठी चुलत्यावर दावा लावला, तर तो घराण्याची जमीन राखणारा कर्ता ठरतो.

काही भांडणे मुळातच मिटवण्याजोगी नसतात, आणि हे नाशिककरांना वेगळे सांगायला नको. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. त्या एप्रिलमधल्या रथोत्सवासाठी तडजोड ठरली होती: दोन्ही बाजूंच्या माणसांनी मिळून रथ ओढायचा. प्रत्यक्षात सवर्णांनी रथ परस्पर पळवला आणि सत्याग्रहींवर दगड पडले. ठरलेले मोडले तर मोडणाऱ्याला काही भोगावे लागेल, अशी तरतूदच त्या तडजोडीत नव्हती. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही हे जाहीर केले. याच काळात महाडच्या चवदार तळ्याचा दावा न्यायालयात चालू होता. तो लावला होता सवर्णांनी, डिसेंबर १९२७ मध्ये; मनाईहुकूमही त्यांनाच मिळाला. बाबासाहेबांनी तो पाळला, दावा लढवला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जिंकला. सव्वानऊ वर्षे लागली. प्रश्न फक्त पाण्याच्या सोयीचा असता तर वेगळी विहीर खोदून तो पंधरा दिवसांत मिटला असता. तळे सार्वजनिक आहे की नाही, एवढेच ठरवायचे होते, आणि ते दोन पक्षांनी आपसांत ठरवण्यासारखे नव्हतेच. जिथे निकाल आपल्यासारख्या इतरांच्याही उपयोगी पडणार आहे, तिथे मिटवणारा माणूस स्वतःपुरते मिळवतो आणि मागच्यांची वाट बुजवतो.

उलट उदाहरणही आपल्याच जिल्ह्यात आहे. जायकवाडीला पाणी सोडण्याचा वाद दर कोरड्या ऑक्टोबरात पेटतो. २००५ चा कायदा, २०१३ चा मेंढेगिरी समितीचा अहवाल, २०१४ चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा आदेश: १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर नाशिक-नगरच्या वरच्या धरणांतून पाणी सोडायचे. २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचे हे तत्त्व उचलून धरले. तरी २०२३ मध्ये ८.६ टीएमसीचा आदेश निघाला तेव्हा पुन्हा स्थगितीसाठी धावपळ झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती दिली नाही. तत्त्वाचा निकाल लागून गेल्यावर स्थगिती मागत राहणे म्हणजे हरलेला डाव पुन्हा मांडणे. उरते ती वाटणी: किती टक्के, कोणत्या तारखेला, वाटेतल्या गळतीचा हिशेब कोणाच्या माथी. हे आकडे न्यायालयात हलत नाहीत, अभ्यासाच्या टेबलावर हलतात. नाशिकच्या ‘मेरी’ या अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या अभ्यासगटाने सूत्राचा फेरविचार केला, तो तसाच. धरणे भरलेल्या वर्षी मराठवाड्याबरोबर बसून हे बोलावे, असे मात्र कोणाला सुचत नाही. गंगापूर ओसंडत असताना भांडण आठवत नाही, आणि ते आठवते तेव्हा देण्यासारखे काही उरलेले नसते.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. लढायची तयारी करा हे सांगणे सोपे. मोजणीची फी, वकिलाची फी, तालुक्याला खेपा, हे ज्याला झेपत नाही त्याने काय करावे? त्याच्यासाठी लवकर मिटवणे हाच मार्ग नाही का? आक्षेप खरा आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. गरिबाला तडजोड स्वस्त पडते म्हणून त्याला ती करायला लावली, तर तडजोडीतला सगळा तोटा गरिबाच्याच वाट्याला जाईल. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, औद्योगिक कामगार, अपंग यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील देऊ केला आहे. बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण म्हणजे लोकअदालत भरवणारे कार्यालय, एवढीच त्याची ओळख झाली आहे. त्याच छपराखाली लढायलाही माणूस मिळतो, हे पक्षकाराला कोणी आधी सांगत नाही. दुसरा आक्षेप वकिलांवरच्या संशयाचा: मिटले तर त्यांचे कसे चालेल? असे वकील आहेत. पण ‘तुमचा सातबारा कच्चा आहे, निम्म्यावर येत असेल तर घ्या,’ असे तोंडावर सांगणारेही आहेत, आणि पक्षकार अशांकडे पुन्हा फिरकत नाहीत, हेही तितकेच खरे. संसदेने २०२३ मध्ये केलेल्या मध्यस्थी कायद्यात १२० दिवसांची मुदत आहे, संमतीने आणखी ६०. मूळ मसुद्यात दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची होती. शेवटी ती ऐच्छिक ठेवली, ते योग्यच झाले.

लोकअदालतीत झालेला निवाडा हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो, भरलेली कोर्ट फी परत मिळते, आणि त्यावर अपील नाही. अपील नाही हे शेवटचे वाक्य गर्दीच्या दिवशी टेबलावर सर्वांत घाईने सांगितले जाते. म्हणून कागद आदल्या दिवशी घरी आणून वाचावा. ‘उभयतांनी आपसांत सलोख्याने राहावे’ अशा ओळीने एकही बांध जागेवर राहिलेला नाही. रक्कम असेल तर हप्त्यांच्या तारखा आणि हप्ता चुकला तर काय, हे हवे. फौजदारी तक्रारी कोणी, कधी मागे घ्यायच्या, ते हवे. जमीन असेल तर मोजणीचा नकाशा जोडलेला हवा, आणि हद्दीचे दगड कोणाच्या खर्चाने, कोणाच्या समक्ष, कोणत्या तारखेला पुरायचे तेही. ती तारीख वैशाखातली असावी. रान तेव्हा मोकळे असते, आणि मृगात ट्रॅक्टर कुठून वळवायचा हे भाड्याने आलेल्या ड्रायव्हरलाही दगड पाहून कळते.